तिच्या नावाचं हिरवं पाकीट

"मॅडम, तुमचं मत तर आमच्याकडे आलेलं आहे," टेबलामागची बाई इंग्रजीत म्हणाली, आणि माझ्या बायकोने वळून माझ्याकडे पाहिलं.

मी तिच्या मागे हातभर अंतरावर उभा होतो, तिची पर्स आणि पाण्याची बाटली धरून. माझ्या तोंडावर जे काही उमटलं असेल ते तिने वाचलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. पण आपल्याच घराचं दार उघडावं आणि आत भलताच कुणी बसलेला दिसावा, तसं ते पाहणं होतं. त्या दिवसाचं बाकीचं सगळं हळूहळू पुसट होत चाललंय, तेवढं मात्र होत नाही.

मी फारसा न बोलणारा माणूस आहे. ऑफिसात, इथल्या मराठी मंडळात, सासरी, सगळीकडे मला 'शांत माणूस' म्हणतात. मी ते कौतुक म्हणून घेत आलो. आज बोलतोय ते उशिराच बोलतोय, पण आता सरळ सांगतो. मी माझ्या बायकोचं मत तिला न विचारता भरलं, तिची खोटी सही केली आणि ते पेटीत टाकलं. असं का केलं याचं उत्तर मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. आता थोडंफार माहीत आहे.

आम्ही ॲरिझोनात, चँडलरला राहतो. मी चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे, पुण्याहून एच-वन व्हिसावर आलो. बायको नागपूरची, एम.एस्सी. झालेली. लग्नानंतर ती इथे आली ती 'डिपेंडंट' म्हणून. व्हिसाच्या भाषेत बायकोला हाच शब्द आहे. त्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती, आणि तिच्या नावाचा प्रत्येक कागद माझ्या नावाला टाचलेला असायचा. साहजिकच ते कागद मी भरायचो. व्हिसा, इन्शुरन्स, टॅक्स, पासपोर्टचं नूतनीकरण. तिची सही जिथे हवी तिथे पिवळा चिकट कागद लावून मी चळत पुढे सरकवायचो. ती पोळ्या लाटता लाटता हात पुसून यायची.

"काय आहे हे?" सुरुवातीला विचारायची.

"काही नाही गं, नेहमीचंच."

पुढे तिने विचारणं सोडलं. याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला. तिचा माझ्यावर विश्वास आहे, असा. आमच्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात हेच चालायचं, त्यामुळे यात काही वावगं आहे असं कुणी म्हणायचा प्रश्नच नव्हता. ग्रीन कार्ड आलं, डिपेंडंट हा शब्द गेला, तिला शाळेत काम मिळालं. पिवळे चिकट कागद मात्र राहिले.

मग नागरिकत्वाची परीक्षा आली. या परीक्षेसाठी देशाच्या राज्यव्यवस्थेवरचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं छापील मिळतात आणि त्यातलेच काही तोंडी विचारतात. आमची मुलगी तेव्हा तिसरीत होती, इथेच जन्मलेली. तिने मास्तरीण व्हायचं ठरवलं. जेवणं झाली की कार्डं घेऊन बसायची.

"देशाचा सर्वोच्च कायदा कोणता?"

"संविधान," बायको म्हणायची.

"संविधानाचे पहिले तीन शब्द?"

"वी द पीपल."

"राज्यकारभाराच्या शाखा कोणत्या?"

हे मी सांगायचो. कायदे करणारी संसद, म्हणजे इथली काँग्रेस, ते राबवणारा राष्ट्राध्यक्ष आणि न्यायालय. "आणि एकच शाखा फार बलवान होऊ नये म्हणून काय असतं?" तर, प्रत्येक शाखेचा दुसऱ्या शाखेवर अंकुश असतो.

एकदा मुलीने कार्ड खाली ठेवलं आणि विचारात पडून म्हणाली, "इन अवर हाउस, बाबा इज प्रेसिडेंट. अँड काँग्रेस. अँड द कोर्ट ऑल्सो."

आम्ही हसलो. मी विचारलं, "आणि आई कोण मग?"

"आई इज द पीपल."

बायको सगळ्यात जास्त हसली. म्हणाली, "मग पीपलने आता भांडी घासायची का?" मी हा किस्सा मंडळाच्या जेवणावळीत कितीतरी वेळा रंगवून सांगितला. दर वेळी लोक हसायचे.

शपथ झाली. बायकोने पैठणी नेसली होती, हातात कागदी झेंडा होता. पुढच्या निवडणुकीत पहिल्यांदा मतपत्रिका आल्या. आमच्याकडे त्या टपालाने घरी येतात. घरीच गोल काळे करायचे, सोबतच्या हिरव्या पाकिटात घालायच्या, पाकिटावर सही करायची आणि टपालाने पाठवायच्या किंवा ठरलेल्या पेटीत टाकायच्या. कुठे रांग नाही, बोटाला शाई नाही. दोन्ही बाजूंनी छापलेला हा लांबलचक कागद. राष्ट्राध्यक्षापासून सुरू होतो आणि पाणीपुरवठा, शाळा समिती, राज्यघटनेतल्या दुरुस्त्या असं करत शेवटी न्यायाधीशांवर येतो. आमच्याकडे काही वर्षांनी न्यायाधीशांबद्दलही लोकांना विचारतात, यांना ठेवायचं की नाही. नावांची रांगच असते.

आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसलो होतो. माझा कागद झाला होता. ती अजून पहिल्या बाजूलाच.

"हे न्यायाधीश कसे काय आहेत?" तिने विचारलं.

"मला काय माहीत?"

"मग तू काय केलंस?"

"सगळ्यांना ठेवा म्हटलं."

"सगळ्यांना? न बघता?"

"अगं, आपण काय त्यांच्या कोर्टात जाणार आहोत का? दे इकडे."

हे 'दे इकडे' मला अजून ऐकू येतं. त्यात राग नव्हता, दरडावणी नव्हती. टॅक्सच्या कागदासाठी जसा हात पुढे करायचो तसाच केला. तिने कागद दिला. मी माझ्या कागदावरून तिच्यावर गोल उतरवले आणि पाकीट पुढे सरकवलं. तिने सही केली. सवयीने पिवळा चिकट कागदही लावला होता मी.

तेव्हापासून हेच. मित्रांत विषय निघाला की कुणीतरी म्हणायचं, "यार, आमच्याकडे पण मीच उरकतो सगळ्यांचं. आईला विचारलं कुणाला देऊ, तर म्हणते, तू देशील त्यालाच दे, बाळा." परत हशा. इथला कायदा याला गुन्हा म्हणतो हे आमच्यातल्या कुणालाही माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकलो असतो. पण हिरव्या पाकिटावर सहीच्या वरच ते स्पष्ट छापलेलं असतं. मी यंत्रांची जाडजूड मॅन्युअल वाचून पोट भरतो. मला ते वाचता येत नव्हतं असं नाही.

एक गोष्ट मात्र बायको स्वतःहून करायची. सही झाली की दोन्ही पाकिटं उचलायची. "मी शाळेत जाताना पेटीत टाकते," म्हणायची. मला बरंच वाटायचं. माझी एक खेप वाचायची.

तिची शाळा म्हणजे विशेष मुलांचा वर्ग. बोलू न शकणारी, एका जागी बसू न शकणारी मुलं. तिथे ती शिक्षिकेची मदतनीस आहे. एखादं मूल महिनोन् महिने तिच्याकडे बघतही नाही आणि मग एके दिवशी तिच्या बांगड्या धरून बसतं. हे ती घरी येऊन सांगायची आणि मी फोनवर काहीतरी बघत हं हं करायचो.

ज्या वर्षाबद्दल मी सांगतोय, त्या वर्षी मतपत्रिकेवर आमच्या भागातल्या शाळांचा एक प्रश्न होता. शाळांसाठी घरांवर जो जादा कर बसवलेला आहे तो चालू ठेवायचा की नाही. नाही म्हटलं तर मदतनिसांच्या जागा कमी होणार, हे बायको दोनदा तरी म्हणाली होती. मी ऐकलंही होतं. पण कागदावर तो प्रश्न आला तेव्हा माझ्या डोक्यात फक्त 'जादा कर' एवढंच राहिलं.

मतपत्रिका आल्या तेव्हा बायको नागपूरला होती. तिच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. मुलगी नुकतीच कॉलेजला ट्यूसॉनला गेलेली. घरात मी एकटा. फोनवर बायको म्हणाली, "माझं पाकीट आलं असेल ना? ते उघडू नकोस. मी मंगळवारच्या मतदानाआधी पोचतेय."

"अगं, विमानाला उशीर झाला तर? वाया जाईल. मी भरून टाकतो."

"नको म्हटलं ना. तसंच राहू दे. मी बघते."

"तू काय बघणार आहेस त्यात?"

ती म्हणाली, "राहू दे रे. आई हाक मारतेय, ठेवते."

मी ते पाकीट फ्रिजवर ठेवलं. पुढच्या शनिवारी माझी मतपत्रिका भरायला बसलो आणि शेवटी हात आपोआप फ्रिजवर गेला. तिने नको म्हटलं होतं, ते मी विसरलो नव्हतो. मला वाटलं, ती उगाच सांभाळून घेतेय, माझं काम वाढू नये म्हणून. खरं सांगायचं तर एवढाही विचार केला नाही. ते मत तिचं आहे हेच कधी माझ्या मनाला शिवलं नव्हतं. घरात दोन मतं होती आणि ती मी भरत होतो, बस्स.

सहीपाशी आलो तेव्हा मात्र थांबलो. आजवर सही तिची असायची. मी तिच्या लायसन्सची प्रत समोर ठेवली, किराण्याच्या पावतीच्या मागे तीन-चारदा गिरवून पाहिली. तिच्या आडनावाच्या शेवटी एक फराटा असतो, वर जाऊन एकदम खाली पडणारा. तो मला जमेना. जमला तसा केला. दुपारी लायब्ररीबाहेरच्या पेटीत दोन्ही पाकिटं टाकून आलो, येताना दूध आणलं.

ती सोमवारी आली. मंगळवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "मला जरा कम्युनिटी सेंटरला सोडतोस? जेटलॅगमध्ये गाडी नको चालवायला."

"तिथे काय आहे?"

"मतदान. तिथे जाऊनही देता येतं. पाकीट वापरलं नाही तर ते लोक ते रद्द करतात आणि नवा कागद देतात."

एवढी माहिती तिला कशी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला फक्त लायब्ररीबाहेरची ती पेटी आठवली. मी किल्ल्या घेतल्या. घरापासून कम्युनिटी सेंटर जवळच आहे, पण दोन सिग्नल लागतात, आणि दोन्ही लाल मिळाले. दोन्हीकडे मला सांगता आलं असतं. "अगं, मी ते टाकून आलो," एवढंच वाक्य. मी एसी कमी-जास्त करत राहिलो. तिने आईच्या घरून आणलेल्या संत्रा बर्फीबद्दल काहीतरी सांगितलं, आणि मी म्हणालो, वा.

आत टेबलामागे चष्म्याला मण्यांची दोरी लावलेली एक वयस्क बाई होती. तिने बायकोचं लायसन्स घेतलं, स्क्रीनवर बघितलं आणि ते वाक्य म्हणाली, ज्यापासून मी सुरुवात केली. मग तिने पुन्हा स्क्रीन पाहिली.

"आलंय, पण मोजलेलं नाही. सही जुळत नाही म्हणून बाजूला ठेवलंय. तुम्हाला निवडणूक ऑफिसातून फोन आला असेल."

"मी भारतात होते," बायको म्हणाली.

"अच्छा." बाईने चष्मा काढला. तो दोरीवर लोंबकळत राहिला. "ही सही तुमची असेल तर या नंबरवर फोन करून तसं सांगा, आहे तसं मोजलं जाईल. तुमची नसेल..." ती माझ्याकडे न बघता बोलत होती, आणि मला ते जास्त लागलं. "तुमची नसेल तर तेही सांगा. ते कळणं आमच्यासाठी फार गरजेचं आहे. काही दिवसांची मुदत आहे. आत्ता तुम्हाला वेगळं मतही देता येईल, पण त्या पाकिटाचा उलगडा झाल्याशिवाय ते मोजणार नाहीत."

मागे रांग होती. उजवीकडे भिंतीलगत उंच पायांची टेबलं होती, प्रत्येकावर तीन बाजूंनी पांढरा पुठ्ठा उभा केलेला. एक तरुण मुलगा एकात मान घालून लिहीत होता. बायकोने एकदा तिकडे बघितलं, नंबरची चिठ्ठी घेतली, आभार मानले आणि बाहेर चालू लागली.

गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवली नाही. तिने विचारलं, "शाळेच्या प्रश्नाला काय भरलंस?"

"नो."

ती हसली. खरंच हसली, तोंडावर हात ठेवून, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "माझ्या नावाने," ती म्हणाली. "माझ्या शाळेला नाही म्हणालास, माझ्या नावाने."

"अगं, दर वेळी मीच तर..."

"दर वेळी? तुला काय वाटतं, तुझी ती पाकिटं कुठे जायची?"

"पेटीत."

"तुझं पेटीत जायचं. माझं शाळेतल्या कागद फाडायच्या मशीनमध्ये."

मला कळायला वेळ लागला. तिने हळूहळू सांगितलं, समोरच्या काचेकडे बघत. पहिल्या वेळी माझंच भरलेलं गेलं. मग काही दिवस तिला अस्वस्थ वाटत राहिलं. तिने शाळेत एका सहकारी बाईंना विचारलं, त्यांनी सांगितलं की मतदान केंद्रावर जाऊन स्वतः देता येतं. दुसऱ्या निवडणुकीपासून ती दर वेळी जाऊन देत आली होती. मी भरायचो, ती सही करायची, उचलायची, फाडायची. निवडणुकीआधी टपालाने येणारी माहितीची जी पुस्तिका मी न उघडता रिसायकलच्या निळ्या डब्यात टाकायचो, तीच ती बाहेर काढून शाळेत न्यायची आणि जेवणाच्या सुट्टीत वाचायची. न्यायाधीशांची पानंसुद्धा. त्या पहिल्या वेळेनंतर मी तिच्या नावाने भरलेलं एकही मत पोचलं नव्हतं, आणि मला पत्ता नव्हता.

"मला सांगायचं तरी," मी म्हणालो.

"काय सांगायचं?"

"की मला स्वतः द्यायचंय. मी काय नाही म्हणालो असतो?"

"नसतास म्हणाला. तू कधी नाही म्हणतोस का? तू नुसता गप्प बसतोस. मी हो म्हणेपर्यंत गप्प बसतोस. जेवताना गप्प, गाडीत गप्प. मग मीच म्हणते, जाऊ दे, कर बाबा तुला हवं तसं. लोकांना वाटतं किती शांत नवरा मिळालाय हिला."

मी गप्प बसलो. ते दोघांच्याही लक्षात आलं.

जरा वेळाने ती म्हणाली, "तो पुठ्ठा पाहिलास ना आत? तीन बाजूंनी असतो. पहिल्यांदा त्यात उभी राहिले तेव्हा मला उगाच रडायला आलं. एवढीशी जागा. पण तिथे कुणी 'दे इकडे' म्हणत नाही."

मतदान गुप्त असावं हे आम्ही त्या छापील प्रश्नोत्तरांच्याही आधीपासून, भारतातल्या शाळेपासून पाठ केलेलं. ते कशासाठी, तर गुंडांसाठी, पैसे वाटणाऱ्यांसाठी, सरकारसाठी, असंच मी समजत होतो. माझ्या बायकोने ती आडोशाची भिंत माझ्यासाठी वापरली होती. संविधानाने तिला जे दिलं ते तिला सत्ताधाऱ्यांपासून नव्हे, माझ्यापासून वाचवून ठेवावं लागलं. त्या पार्किंगमध्ये मी इतका हादरलो होतो, की मागच्या गाडीने हॉर्न दिला तरी मला तो आमच्यासाठी आहे हे कळलं नाही.

संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिचं ते पहिलं मतदान. शर्टवर मत दिल्यावर मिळतं ते अंडाकृती स्टिकर. "आई, आय वोटेड! तू गेलीस?"

"या वेळी राहिलं गं," बायको म्हणाली.

"व्हॉट? आई, यू ऑलवेज गो!"

म्हणजे मुलीलाही माहीत होतं. घरात माहीत नसलेला मी एकटाच होतो. बायको प्रवासाचं काहीतरी सांगायला लागली, मला वाचवायला. मी पुढे होऊन सांगून टाकलं. मी भरलं, मी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा मी न विचारता काहीतरी कबूल केलं असेल.

मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट्स अ क्राइम."

"हो."

"नो, लाइक, अ रिअल वन." ती आईकडे वळली. "आई, कॉल देम. सांग की तुझी साइन नाहीये."

"आणि मग बाबांचं?" बायकोने विचारलं.

मुलगी गप्प झाली. कॉलेजात कायद्याचा प्राथमिक वर्ग घेतलेली मुलगी. तिला उत्तर येत होतं, म्हणूनच गप्प झाली. फोन ठेवताना तिने मला बाय म्हटलं नाही.

पुढचे काही दिवस आमच्या घरात तो प्रश्न टेबलावर वाढून ठेवल्यासारखा होता. बायकोने 'सही माझी' म्हटलं तर माझं 'नो' तिचं म्हणून मोजलं जाणार, आणि ते खोटं असणार. 'माझी नाही' म्हटलं तर निदान तिच्या नावाचं खोटं मत रीतसर रद्द होणार, आणि माझी चौकशी होणार. काहीच म्हटलं नाही तर मुदत संपणार आणि तिचं मत त्या पाकिटातच मरणार.

मी तिला म्हणालो, "तू खरं सांग. माझं जे होईल ते होईल."

हे वाक्य मी खरोखर उच्चारलं, आणि आतापर्यंत मित्रांपैकी ज्या एकाला हे सांगितलं त्याला एवढंच सांगितलं. पण ते मी कुठल्या आवाजात म्हणालो ते सांगितलं नाही. मी ते अशा आवाजात म्हणालो, की तिने 'नको' म्हणावं. खांदे पाडून, खिडकीकडे बघत, अर्ध्यावर घसा साफ करत. तिला माझा तो आवाज ओळखीचा आहे.

"नको," ती म्हणाली.

आणि मला हायसं वाटलं. सहीपेक्षा या हायसं वाटण्याची मला जास्त लाज वाटते.

निवडणूक ऑफिसातून फोन यायचे. फोन ओट्यावर थरथरत सरकायचा, ती कणीक मळत त्याच्याकडे बघत राहायची. घ्यायची नाही. शेवटच्या दिवशी दोनदा वाजला. दुसऱ्यांदा वाजून थांबला तेव्हा तिने हात धुतले, फोन पुसला आणि उलटा ठेवला. "संपलं," म्हणाली.

शाळांचा कर नामंजूर झाला. थोडक्यात नाही, चांगल्या फरकाने. मी तिला समजावायला गेलो, "तुझ्या एका मताने तसाही काही फरक पडला नसता." तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग तुला कशाला हवं होतं ते?"

जून महिन्यात तिच्या वर्गातली एक जागा गेली. तिची नाही, तिला पहिल्यांदा मतदान केंद्राबद्दल सांगणाऱ्या बाईंची. निरोपाला बायकोने घरून श्रीखंड नेलं. त्या बाईंना तिने काय सांगितलं आणि काय नाही, मी विचारलं नाही.

मी स्वतः होऊन निवडणूक ऑफिसात जाऊन सांगू शकतो. आजही सांगू शकतो. गेलेलो नाही. मुलीचं शिक्षण, नोकरी, अशी कारणं मी माझ्याशी मांडतो आणि ती सगळी खरी आहेत. मुलगी आता माझ्याशी बोलते, पण आधी विचार करून बोलते. पूर्वी तशी बोलत नसे.

या वर्षी बायकोने टपालाच्या यादीतून स्वतःचं नाव काढलं. आता घरी एकच पाकीट येतं, माझं. पुस्तिका मात्र घरटी एकच येते. परवा ती आली तेव्हा सवयीने माझा हात निळ्या डब्याकडे गेला, आणि मी थांबलो. टेबलाशी बसून उघडली. शाळांचं पान वाचलं, पाण्याचं वाचलं, मग न्यायाधीश आले. एकेकाचं काम कसं आहे, वकिलांना काय वाटतं, अर्धवट कळणारी वाक्यं. बायको समोर बसून मटार सोलत होती. वर्षानुवर्षं हे सगळं तिने शाळेच्या कोपऱ्यात एकटीने वाचलं असेल.

"या बाई कशा आहेत गं?" मी एका नावावर बोट ठेवून विचारलं. "ठेवायच्या का?"

तिने मान वर केली. एक शेंग हातात तशीच. मला वाटलं ती सांगेल, आणि ती सांगेल ते मी मुकाट्याने भरेन, असंही मनात येऊन गेलं.

"वाच की स्वतः," ती म्हणाली, आणि पुस्तिकेवर पडलेला एक मटाराचा दाणा उचलून तोंडात टाकला.

मी वाचतोय. अजून त्या बाईंचं ठरलेलं नाही.